विश्लेषण : भरतीसाठी धावताना गुडघा का दुखतो? पाऊल थोडं आखूड केल्यानं काय फरक पडतो?

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना १६०० मीटर आणि महिला उमेदवारांना ८०० मीटर धावावं लागतं. दोन्हींसाठी गुण २०. पुरुषांनी ५ मिनिटं १० सेकंदांत आणि महिलांनी २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर पूर्ण केलं तर पैकीच्या पैकी गुण मिळतात. त्यापुढे वेळ वाढेल तसे गुण कमी होतात. या गुणांसाठी वर्ष-दीड वर्ष पहाटे उठून तयारी केली जाते आणि नेमका ग्राउंडच्या महिनाभर आधी गुडघा दुखायला लागतो. मग गोळी, मलम, पट्टा, चार दिवस विश्रांती आणि पुन्हा तेच दुखणं.

हे दुखणं बहुतेक वेळा अपघाती दुखापतीचं नसतं. किती धावलं जातं आणि कसं धावलं जातं, या दोन गोष्टींतून ते हळूहळू तयार होतं. दोन्ही गोष्टी उमेदवाराच्या हातात आहेत, पण त्या बदलायला वेळ लागतो. म्हणूनच हे गणित ग्राउंडची तारीख येण्याआधी समजून घेणं महत्त्वाचं आहे.

हिंगोलीत हा प्रश्न मोठा का आहे?

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा, शेतीवर चालणारा जिल्हा. हळद, सोयाबीन आणि कापसाच्या भरवशावर चालणाऱ्या घरांत खाकी वर्दी म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच असल्यानं ही वर्दी इथल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज असते.

स्पर्धा मात्र राज्यभराची आहे. २०२४ च्या भरतीत १७ हजार ४७१ पदांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. मैदानी चाचणी एकूण ५० गुणांची असते: धावणे २०, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. त्यात किमान निम्मे गुण लागतात आणि पुढे लेखी परीक्षेसाठी एका जागेमागे दहा जणांनाच बोलावलं जातं. राज्य राखीव दलासाठी तर ५ किलोमीटर धावावं लागतं आणि त्याला एकट्याला ५० गुण असतात. अशा चढाओढीत दुखऱ्या गुडघ्यानं घालवलेले दोन-चार गुणही यादीत नाव येणं आणि न येणं ठरवू शकतात.

गुडघ्यात नेमकं दुखतं काय?

धावणाऱ्यांच्या गुडघेदुखीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे वाटीभोवतीचं किंवा वाटीमागचं दुखणं. इंग्रजीत त्याला ‘रनर्स नी’ म्हणतात, वैद्यकीय भाषेत ‘पॅटेलोफिमोरल पेन’.

विहिरीवरची कप्पी डोळ्यांसमोर आणली तर हे लवकर समजतं. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू हा दोर, गुडघ्याची वाटी ही कप्पी. स्नायू ओढला जातो तेव्हा वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वर-खाली सरकते. गुडघा जितका जास्त वाकलेला आणि दोराला ताण जितका जास्त, तितकी वाटी हाडावर जोरात दाबली जाते. साध्या चालण्यात हा दाब थोडा असतो. धावताना तो शरीराच्या वजनाच्या चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक होतो.

६० किलो वजनाचा मुलगा ताशी १० किलोमीटर वेगानं ५ किलोमीटर धावतो असं धरू. त्याला अर्धा तास लागतो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर एकूण ४८०० पावलं, म्हणजे प्रत्येक पायाची २४००. दर पावलाला एका वाटीवर २४० ते ३०० किलोचा भार, आणि तो एका सकाळीत २४०० वेळा. निरोगी गुडघा हे सहज पेलतो, कारण भाराला सरावून ऊती मजबूत होतात. पण त्यांना सरावायला वेळ मिळाला नाही किंवा दर पावलाचा भार विनाकारण जास्त राहिला, की दुखणं सुरू होतं.

दुखण्याच्या जागेवरून काय ओळखता येतं?

- वाटीभोवती किंवा वाटीमागे : जिना चढता-उतरताना, उकिडवं बसताना किंवा बराच वेळ बसून उठताना वाढतं. हा ‘रनर्स नी’चा नेहमीचा प्रकार.
- गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला : सुरुवातीला काही नसतं. ठरावीक अंतर झालं की तीक्ष्ण कळ सुरू होते, उतारावर जास्त. मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या जाड पट्ट्याशी याचा संबंध असतो. त्याला ‘आयटी बँड’ म्हणतात.
- वाटीच्या बरोबर खाली : उड्या आणि १०० मीटरचा सराव केल्यावर दुखतं. वाटीला नडगीशी जोडणाऱ्या कंडरेवर जादा ताण आल्याचं हे लक्षण.

धावण्याच्या तंत्रातल्या बदलाचा सर्वाधिक अभ्यास पहिल्या प्रकारावर झालेला आहे. पुढचं विवेचन प्रामुख्यानं त्याबद्दल आहे.

लांब पाऊल गुडघ्याला महाग का पडतं?

‘लांब पाऊल टाक, वेळ कमी येईल’ हा मैदानावर हमखास ऐकू येणारा सल्ला. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले पावलांची संख्या, हे खरं. पण पाऊल लांबवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मागच्या पायानं जमिनीला जोरात ढकलून शरीर पुढे फेकणं. दोन, पुढचा पाय ताणून लांब टाकणं. पहिल्यानं वेग वाढतो. दुसऱ्यानं ब्रेक लागतो.

पाय शरीराच्या खूप पुढे पडला की गुडघा जवळजवळ सरळ असतो, टाच आधी आदळते आणि जमीन शरीराला मागे ढकलते. दुचाकी पळवताना दर काही फुटांवर ब्रेक दाबून पुन्हा ॲक्सिलरेटर पिळावा, तसा हा प्रकार. हा धक्का शोषून घेण्यासाठी गुडघा जास्त वाकतो, मांडीचा स्नायू जास्त ताणला जातो आणि कप्पीवर, म्हणजे वाटीवर, दाब वाढतो. इंग्रजीत याला ‘ओव्हरस्ट्रायडिंग’ म्हणतात.

पावलांची गती म्हणजे काय? ती कशी मोजायची?

एका मिनिटात दोन्ही पायांची मिळून जितकी पावलं पडतात ती पावलांची गती, म्हणजे ‘केडन्स’. ती मोजायला घड्याळ पुरतं. नेहमीच्या संथ वेगानं धावताना उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजावं आणि त्याला ४ नं गुणावं. ४० वेळा पडला तर गती १६०.

ही गती थोडी वाढवली आणि धावण्याचा वेग तोच ठेवला, तर पाऊल आपोआप आखूड होतं. ताशी १० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे १६७ मीटर. १६० पावलांत हे अंतर कापलं तर एक पाऊल १०४ सेंटीमीटरचं. १७० पावलांत कापलं तर ९८ सेंटीमीटरचं. फरक फक्त ६ सेंटीमीटरचा, बघणाऱ्याच्या लक्षातही न येणारा. पण तेवढ्यानं पाय शरीराच्या जवळ पडायला लागतो.

पावलं वाढली म्हणजे भारही वाढला, अशी शंका येणं साहजिक आहे. वरच्या हिशेबात किलोमीटरमागे ६० पावलं वाढतात. पण दर पावलाचा भार त्यापेक्षा जास्त प्रमाणात घटत असल्यानं वाटीवरचा एकूण भारही कमीच होतो.

‘१८०’ हा जादूचा आकडा आहे का?

सोशल मीडियावर ‘मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत’ असं सर्रास सांगितलं जातं. या आकड्याचं मूळ अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या निरीक्षणात आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली तेव्हा जवळपास सगळ्यांची गती १८० किंवा त्याहून जास्त होती. पण ते ऑलिम्पिकच्या शर्यतीत, पूर्ण वेगानं धावत होते. वेग वाढला की पावलांची गतीही वाढते आणि उंचीनुसारही ती बदलते. सहा फुटी मुलानं पहाटेच्या संथ धावेत १८० चा हट्ट धरण्यात अर्थ नाही. स्वतःच्या आजच्या आकड्यात ५ टक्के वाढ, एवढंच लक्ष्य पुरेसं. १६० असेल तर १६८.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरहून जास्त वेग. त्या वेगाला पावलं आपोआप भराभर पडतात. आठवड्याची बहुतेक पावलं मात्र रोजच्या संथ, लांब धावेत पडतात. त्यामुळे आखूड पावलाचा सराव तिथेच करायचा असतो. परीक्षेच्या दिवशी पावलं मोजत बसायचं नसतं.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात २०११ मध्ये ४५ धावपटूंवर केलेल्या अभ्यासात वेग तोच ठेवून पावलांची गती ५ आणि १० टक्क्यांनी वाढवण्यात आली. ५ टक्के वाढीनंतरच गुडघ्याला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा लक्षणीय कमी झाल्याचं दिसलं. त्याच विद्यापीठातल्या २०१४ च्या अभ्यासात १० टक्के वाढीमुळे वाटीवरचा सर्वाधिक भार सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं.

हाँगकाँगमध्ये ३२० नवख्या धावपटूंवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला पाय हळुवार टेकवून धावण्याचं प्रशिक्षण दोन आठवडे दिलं गेलं, दुसरा गट तसाच धावत राहिला. वर्षभरानंतर प्रशिक्षण घेतलेल्या गटात दुखापतींचं प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी होतं. पण याच गटात पोटरी आणि टाचेवरच्या कंडरेच्या तक्रारी तुलनेनं जास्त होत्या. गुडघ्यावरून उतरलेला भार हवेत विरत नाही. तो घोटा आणि पोटरीकडे जातो. म्हणून बदल सावकाश करायचा असतो.

म्हणजे तंत्र सुधारलं की काम झालं?

नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये गुडघेदुखी असलेल्या ६९ धावपटूंचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाला फक्त किती धावायचं, दुखणं कसं जोखायचं आणि भार कसा सांभाळायचा हे शिकवलं. दुसऱ्याला त्याच्या जोडीला व्यायाम दिले. तिसऱ्याला त्याच्या जोडीला धावण्याचं तंत्र शिकवलं. आठ आठवड्यांनी तिन्ही गटांचं दुखणं सारख्याच प्रमाणात कमी झालं होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ सरळ आहे: भार सांभाळणं हा पाया आहे. तंत्र आणि व्यायाम त्यावर उभे राहतात. पायाच नसेल तर नुसतं आखूड पाऊल वाचवू शकत नाही.

भार नेमका कुठे बिघडतो, यावर २०२५ मधल्या एका मोठ्या अभ्यासानं प्रकाश टाकला. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी ५ हजार २०५ धावपटूंच्या नोंदी तपासल्या. आठवड्याच्या एकूण अंतरापेक्षा एकाच दिवशी मारलेली मोठी उडी जास्त घातक ठरते, असं त्यात दिसलं. मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात धावल्यास दुखापतीचा धोका वाढत होता.

भरतीच्या तयारीत नेमकं हेच घडतं. जाहिरात येईपर्यंत सराव तुटक असतो. सोयाबीनची काढणी, लग्नसराई, परीक्षा यांत महिना निघून जातो. मग तारीख जाहीर होते आणि ३ किलोमीटर धावणारा मुलगा दुसऱ्याच दिवशी गटाबरोबर ८ किलोमीटर धावतो. दम टिकतो, कारण हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात. कंडरा, कूर्चा आणि हाडांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम आहे म्हणून गुडघाही तयार आहे, असं समजणं ही मोठी चूक ठरते.

टाच आधी टेकवावी की चवडा?

‘टाच टेकवूच नको, चवड्यावर पळ’ हा दुसरा लोकप्रिय सल्ला. चवड्यावर धावल्यानं गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे खरं. पण तो पोटरीवर जातो. आयुष्यभर टाचेवर धावलेल्या मुलानं एका आठवड्यात चवड्यावर धावायला सुरुवात केली तर गुडघा थांबतो आणि पोटरी दुखायला लागते. जगभरातले बहुतेक हौशी धावपटू टाच आधी टेकवूनच धावतात. पायाचा कोणता भाग आधी टेकतो यापेक्षा तो शरीराच्या किती पुढे टेकतो, हे पाहणं जास्त उपयोगी आहे.

मोबाइलवर स्वतःचं धावणं कसं तपासायचं?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मित्राला मोबाइल कमरेच्या उंचीवर स्थिर धरायला सांगावं आणि स्लो मोशनमध्ये दोन व्हिडिओ घ्यावेत, एक बाजूनं आणि एक मागून. दहा-पंधरा मिनिटं धावून झाल्यावर चित्रण करावं, कारण ताजेतवाने असताना सगळेच नीट धावतात.

बाजूच्या व्हिडिओत पहावं :
- पाय जमिनीला टेकतो त्या क्षणी व्हिडिओ थांबवा. नडगी उभी आहे का, की पाय पुढे ताणलेला आहे?
- टेकणारा पाय कमरेच्या साधारण खाली आहे का?
- शरीर घोट्यापासून किंचित पुढे झुकलेलं आहे का? अगदी ताठ किंवा मागे रेलून धावल्यानं वाटीवरचा दाब वाढतो. पण कमरेतून वाकणं म्हणजे झुकणं नव्हे.

मागच्या व्हिडिओत पहावं :
- पाय टेकल्यावर गुडघा आतल्या बाजूला पडतो का?
- एका बाजूची कंबर खाली जाते का?
- दोन्ही पाय एकाच रेषेवर, दोरीवर चालल्यासारखे पडतात का?

शेवटच्या तीन गोष्टी दिसल्या तर खुब्याभोवतीचे आणि नितंबाचे स्नायू कमजोर असण्याची शक्यता असते. गती राखण्यासाठी मोबाइलवर मेट्रोनोमचं मोफत ॲप मिळतं. ठरलेल्या आकड्याला टिक-टिक लावून सुरुवातीला एक-दोन मिनिटं धावावं, मग आवाज बंद करून तीच लय ठेवावी. रस्त्यावर मात्र कानात इअरफोन नको.

रस्ता, काळी माती की ट्रॅक?

हिंगोलीच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल बुटाला चिकटतो. त्यामुळे शेताकडेच्या वाटा वर्षातले बरेच महिने धावण्याजोग्या नसतात आणि पहाटेची गर्दी डांबरी रस्त्यावर येते. डांबरी रस्ता कडक असतो म्हणून गुडघे हमखास खराब होतात, याला ठोस पुरावा नाही. जमीन कडक असेल तर शरीर पायाचा ताठरपणा आपोआप कमी करतं.

अडचण दुसरी आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता असतो. रोज एकाच कडेनं धावलं तर एक पाय सतत खाली, दुसरा सतत वर पडतो. मैदानावर ४०० मीटरचे राउंड नेहमी डावीकडेच वळतात, तिथेही ताण एकाच बाजूला येतो. उपाय सोपा आहे: संथ धावेचे अर्धे राउंड उलट दिशेनं घ्यावेत. शक्य असेल तेव्हा मुरमाचा सपाट रस्ता किंवा शाळा-कॉलेजचं मैदान वापरावं. नांदेड आणि वाशिमकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेनं अंधारात धावणं तर गुडघ्यापेक्षा जिवासाठी जास्त धोक्याचं आहे.

आणखी एक, पृष्ठभाग अचानक बदलू नये. वर्षभर मातीत धावून शेवटच्या दोन आठवड्यांत सगळा सराव सिमेंटवर नेणं, हीसुद्धा भारातली उडीच आहे.

दुखत असताना धावावं का?

पूर्ण विश्रांतीनं दुखणं थांबतं, पण गुडघ्याची भार पेलण्याची ताकदही कमी होते. म्हणून पंधरा दिवस झोपून काढल्यावर पहिल्याच धावेत पुन्हा कळ येते. क्वेबेकच्या अभ्यासात वापरलेला नियम व्यवहारात सोपा आहे. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनाशी धरावी. धावताना दुखणं २ च्या वर जाऊ नये आणि धावून झाल्यावर तासाभरात ते आधीच्या पातळीवर यावं. तसं होत असेल तर अंतर योग्य आहे. होत नसेल तर अंतर कमी करावं, वेग कमी करावा किंवा मध्ये चालण्याचे टप्पे घ्यावेत. या काळात उतारावरचं धावणं आणि पूर्ण खाली जाणाऱ्या उठाबशा टाळाव्यात. दोन्हींत वाटीवर सर्वाधिक दाब येतो.

डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणं धोक्याचं आहे. गोळीनं भार कमी होत नाही, फक्त इशारा ऐकू येत नाही. शिवाय घामानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला आणि रिकाम्या पोटी जठराला अपाय करू शकतात. ग्राउंडच्या आदल्या दिवशी कुणाच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेणं तर टाळलंच पाहिजे.

आठ आठवड्यांत काय करता येईल?

गुडघा किरकोळ दुखत असेल, सूज नसेल आणि हातात साधारण दोन महिने असतील, तर क्रम असा ठेवता येतो :

- पहिला-दुसरा आठवडा : पावलांची गती मोजा, व्हिडिओ घ्या. न दुखता जितकं धावता येतं तितकंच, एक दिवसाआड. गरज वाटल्यास दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं. वेगाचा सराव बंद.
- तिसरा-चौथा आठवडा : संथ धावेत गती ५ टक्क्यांनी वाढवा. सुरुवातीला एक मिनिट नवी लय, दोन मिनिटं नेहमीची. पोटरी भरून आली तर तिथेच थांबा.
- पाचवा-सहावा आठवडा : पूर्ण संथ धाव नव्या लयीत. एका वेळचं अंतर महिन्यातल्या सर्वांत लांब धावेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. आठवड्यातून एकदा २०० किंवा ४०० मीटरचे मोजके वेगवान टप्पे.
- सातवा-आठवा आठवडा : वेगवान टप्पे आठवड्यातून दोनदा. शेवटच्या आठवड्यात अंतर कमी करून पाय ताजे ठेवा.

आठवड्यातून दोन-तीनदा व्यायाम जोडीला हवेतच: अर्ध्यापर्यंतच्या उठाबशा, पायरीवर चढ-उतार, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. शेवटचा व्यायाम पोटरीसाठी, कारण नव्या तंत्रात तिचं काम वाढणार असतं. गोळाफेक आणि १०० मीटरलाही हीच ताकद उपयोगी पडते.

हातात आठच दिवस असतील तर मात्र तंत्र बदलू नये. त्या वेळी अंतर कमी करणं आणि झोप पूर्ण करणं, एवढंच करण्यासारखं असतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

सगळीच गुडघेदुखी तंत्रानं सुटत नाही. बीड जिल्ह्यातला, ३००० मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम नावावर असलेला अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडला. त्याच्या गुडघ्यातलं लिगामेंट आणि गादी दुखावली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अशी दुखापत आणि हळूहळू वाढणारं दुखणं यांत फरक करता आला पाहिजे.

पुढीलपैकी काहीही असेल तर धावणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं :

- गुडघा मुरगळल्यावर ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांत सूज आली
- गुडघा मध्येच अडकतो किंवा चालताना अचानक दगा देतो
- पायावर वजन टाकता येत नाही
- रात्री झोपेतही दुखतं, गुडघा गरम लागतो किंवा ताप आहे
- हाडाच्या एकाच बिंदूवर दाबल्यावर कळ येते
- तीन-चार आठवडे अंतर कमी करूनही फरक नाही

हिंगोलीत जिल्हा सामान्य रुग्णालय आहे आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचंही आहे. तपासणीला जाताना किती आठवड्यांपासून दुखतं, कुठे दुखतं आणि महिन्याभरात कोणत्या दिवशी किती धावलं याची नोंद सोबत न्यावी. मोबाइलमधला व्हिडिओही डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला उपयोगी पडतो.

धावण्यानं गुडघे झिजतात का?

दुखणं सुरू झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार हौशी धावपटूंमध्ये गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि व्यावसायिक पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत १३.३ टक्के. म्हणजे बेतानं धावणं गुडघ्याला पोषक ठरतं आणि अतिरेक मारक.

भरतीची तयारी करणाऱ्यांची अडचण अशी की त्यांचं एक वर्ष या दोन्ही टोकांत विभागलेलं असतं: आठ-नऊ महिने जवळजवळ काही नाही आणि शेवटचे तीन महिने अतिरेक. जाहिरात नसतानाही आठवड्यातून तीन दिवस ३-४ किलोमीटर संथ, आखूड पावलांनी धावत राहिलं तर जाहिरात आल्यावर गुडघ्याला धक्का बसत नाही. त्याला ना अकॅडमीची फी लागते ना महागडे बूट. पहिली पायरी आजच होऊ शकते: धावताना घड्याळ लावा आणि उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडतो ते मोजा.